दिखाव्याची भीती वाटते म्हणून नमाजच बंद करावी का?

प्रश्न : अस्सलामु अलैकुम. मी पाच वेळची नमाज पढते, सोमवार-गुरुवारचे नफ्ल (ऐच्छिक) रोजेही ठेवते. पण हल्ली असं होतंय की कुणी बघत असलं की माझा सजदा (जमिनीला कपाळ टेकणं) आपोआप लांबतो आणि एकटी असले की पटापट उरकते. कुणी 'किती दीनदार आहे' म्हटलं की आतून बरं वाटतं आणि मग लगेच स्वतःचीच चीड येते. रिया (दिखाव्यासाठी केलेली नेकी) म्हणजे छोटा शिर्क (अल्लाहसोबत दुसऱ्याला शरीक करणं) असं बयानात (धार्मिक भाषणात) ऐकलं तेव्हापासून तर टेन्शनच आलंय. लोकांसमोर नमाज, तिलावत (कुराण वाचन) सगळं बंद करावंसं वाटतं. दिखावा करण्यापेक्षा न केलेलं बरं ना?
— एक वाचक भगिनी

उत्तर : वालेकुम अस्सलाम ताई. बंद अजिबात करू नका, हे सगळ्यात आधी, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्हाला जे होतंय ते नवीन नाहीये. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी छुप्या शिर्कचं उदाहरण देताना हेच सांगितलंय की माणूस नमाजला उभा राहतो आणि कुणीतरी बघतंय हे लक्षात आलं की नमाज जास्त सजवून पढायला लागतो. म्हणजे तुमची भीती खोटी नाही, मी ती उडवून लावणार नाही. पण त्या भीतीवर तुम्ही जो इलाज काढलाय ना, नमाजच लोकांसमोर नको, तो चुकीचा आहे. फुजैल बिन इयाज नावाचे मोठे बुजुर्ग होऊन गेले, सन 803 मध्ये मक्केत वारले, तरुणपणी वाटमारी करायचे आणि मग तौबा केली असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्यांचं म्हणणं असं की लोकांसाठी अमल (नेक काम) करणं हा शिर्क, लोकांसाठी अमल सोडणं ही रिया, आणि अल्लाह तुम्हाला या दोन्हीतून सोडवतो तो इखलास, म्हणजे फक्त अल्लाहसाठी करणं. नीट बघा, सोडतानाही तुमच्या डोक्यात लोकच असतात, फक्त आधी 'लोक काय म्हणतील' म्हणून करत होतात आणि आता त्याच लोकांमुळे सोडताय, अल्लाह दोन्ही वेळा बाजूलाच राहिला.

आता थोडं वेगळं करून बघू. सुरुवातच लोकांना दाखवायला केली असेल तर ती गोष्ट गंभीर आहे, सहीह मुस्लिम या संग्रहातली ती हदीस (पैगंबरांचं वचन) ऐकली असेल ना, की कयामतच्या दिवशी सगळ्यात आधी ज्यांचा निवाडा होईल त्यांत एक लढताना मेलेला, एक कुराण शिकून शिकवणारा आणि एक भरपूर खर्च करणारा असेल, आणि तिघांनाही सांगितलं जाईल की तू हे शूर म्हणवून घ्यायला, आलिम (विद्वान) म्हणवून घ्यायला, दानशूर म्हणवून घ्यायला केलंस आणि ते तुला म्हटलं गेलं. अंगावर काटा येतो. पण तुमचं तसं नाही, तुम्ही उभ्या राहता अल्लाहसाठीच, विचार मध्येच घुसतो आणि तुम्हाला तो आवडत नाही. उलमांनी (धर्मपंडितांनी) या दोन्हींत फरक केलाय, मध्येच आलेला विचार झटकत राहिलात तर त्याने नमाजचं नुकसान होत नाही. आणि नंतर कुणी तारीफ केली, तुम्ही मागितली नव्हती, तर त्यावरही उत्तर आहे. हजरत अबू जर (र.) यांच्या रिवायतीत आहे की पैगंबर (स.) यांना कुणीतरी विचारलं, माणूस चांगलं काम करतो आणि लोक त्याची तारीफ करतात, मग? ते म्हणाले, ही मोमिनला (श्रद्धावानाला) लवकर मिळालेली खुशखबर आहे. तेव्हा बरं वाटलं म्हणून लगेच स्वतःला मुनाफिक (ढोंगी) ठरवू नका.

पैगंबरांचे एक सहाबी (साथीदार) हजरत हंजला (र.) तर रस्त्यात 'हंजला मुनाफिक झाला' असं म्हणतच निघाले होते, कारण पैगंबरांजवळ बसलं की जन्नत-जहन्नम डोळ्यांसमोर दिसायची आणि घरी बायकामुलांत गेलं की सगळं विसरायला व्हायचं. हजरत अबू बकर (र.) यांना भेटले तर ते म्हणाले माझंही तसंच होतं! दोघं मिळून पैगंबरांकडे गेले, तेव्हा उत्तर मिळालं की तुम्ही कायम त्याच अवस्थेत राहिलात तर फरिश्ते तुमच्याशी रस्त्यात मुसाफा (हस्तांदोलन) करतील, पण हंजला, कधी असं तर कधी तसं. सहाबांचं मन वरखाली व्हायचं, आपलं होणारच.

मग करायचं काय, तर लोकांसमोरचा सजदा छोटा करू नका, एकटीचा लांब करा. दोन्ही सारखे होईपर्यंत मेहनत त्या बंद खोलीतल्या नमाजवर घ्या. आणि एखादी तरी नेकी अशी ठेवा जी घरातल्यांनाही माहीत नाही. हजरत अली यांचे नातू हुसैनपुत्र अली, ज्यांना झैनुल आबिदीन म्हणतात, ते रात्री पाठीवरून पिठाच्या गोण्या मदिनेतल्या गरिबांच्या दारात नेऊन ठेवायचे आणि घेणाऱ्यांना पत्ताच नसायचा कोण देतंय, ते वारल्यावर गुस्ल (आंघोळ) देताना पाठीवरचे डाग दिसले आणि गोण्या यायच्या थांबल्या तेव्हा लोकांना कळलं.

कुणी म्हणेल की इमाम गझालींनी तर सोडलं होतं. खरंय, 1095 मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातलं एवढं मोठं पद त्यांनी सोडलं कारण आपल्या शिकवण्यामागे नाव आणि मान आहे असं त्यांना दिसलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पण त्यांनी पद सोडलं, नमाज नाही, आणि 1106 मध्ये ते परत शिकवायला लागले. फर्ज (बंधनकारक) नमाज आणि मानाची खुर्ची एका मापाने मोजता येत नाही असं मला वाटतं.

एक दुआ पण सांगून ठेवतो, हजरत अबू बकर यांना शिकवलेली, अर्थ असा की हे अल्लाह, जाणूनबुजून तुझ्यासोबत कुणाला शरीक करण्यापासून मी तुझा आसरा मागते आणि जे नकळत होतं त्याची माफी मागते.

प्रश्न : आमच्या नात्यातले एकजण सदका (दान) दिला की फोटो, उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) गेले की लाइव्ह व्हिडिओ, रोज स्टेटस. तकवा (अल्लाहचं भय) तर मनात असतो ना? मी घरी सांगितलं की हे सगळं ढोंग आहे तर सगळे माझ्यावरच चिडले.
— एक विद्यार्थी

उत्तर : बेटा, 'तकवा इथे आहे' असं म्हणत पैगंबर (स.) यांनी छातीकडे तीनदा बोट दाखवलं, ही हदीस तुला माहीतच आहे. पण आपण सगळे ती अर्धीच सांगतो. त्याच हदीसमध्ये लगेच पुढे आहे की माणूस वाईट ठरायला एवढंच पुरे की त्याने आपल्या मुस्लिम भावाला कमी लेखावं. तकवा छातीत आहे म्हणजेच तो तुला दिसत नाही, त्यांच्यात नाही हे तुला कळलं कसं?

सहाबी उसामा बिन जैद (र.) यांनी लढाईत एका माणसाला कलिमा (ईमानची कबुली) म्हटल्यावरही मारलं, म्हणाले तो हत्याराच्या भीतीने म्हणाला. पैगंबर (स.) म्हणाले, तू त्याचं काळीज चिरून बघितलंस का? आणि हेच परत परत म्हणत राहिले. तिथे तर समोर शत्रू होता, इथे तुझे नातेवाईक आहेत.

सदका उघड द्यायला बंदी नाही, सूरह बकराच्या 271व्या आयतीत आहे की उघड दिलं तर तेही चांगलं आणि लपवून गरिबांना दिलं तर जास्त चांगलं. एका बाबतीत मात्र तुझा राग मला पटतो. घेणाऱ्याचा चेहरा फोटोत येत असेल तर ते थांबायला पाहिजे, कारण त्याच सूरहच्या 264व्या आयतीत उपकार बोलून दाखवून आणि त्रास देऊन सदका वाया घालवू नका असं स्पष्ट आहे, आणि ज्याचा फोटो जगभर फिरतो त्याला किती लाज वाटत असेल. तेवढंच त्यांना एकट्यात, अदबीने सांग, ग्रुपवर नको. ढोंगी हा शब्द मागे घे.

प्रश्न : नमाजची नियत (इरादा) तोंडाने म्हटली नाही तर नमाज होते का?

उत्तर : होते. नियतची जागा दिल आहे यावर उलमांचं एकमत आहे. मन एकाग्र व्हायला मदत होते म्हणून काही उलमा तोंडाने म्हणणं चांगलं मानतात, तर काही म्हणतात पैगंबरांकडून हे साबित नाही म्हणून नको. कुठली नमाज पढतोय हे मनात पक्कं असलं की तकबीर ('अल्लाहु अकबर') म्हणा आणि सुरू करा.