दम्यात श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त त्रास का होतो?

दमा असलेल्या आईच्या छातीतली शिट्टी श्वास सोडतानाच जास्त ऐकू येते, असं का, हे तुम्ही विचारलंत; तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. श्वास घेताना श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) खाली जातं, छाती फुगते आणि फुप्फुसाभोवतीचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा आणखी कमी होतो. त्या ओढीने बारीक श्वासनलिकाही ताणल्या जाऊन जरा रुंदावतात. सोडताना ती ओढ सैल पडते, नळ्या आकसतात. निरोगी माणसाला हे कळतही नाही. दम्यात मात्र त्या आधीच सुजलेल्या, चिकट कफाने भरलेल्या असतात. आणि नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, साधारण 16 पट वाढतो!

मग माणूस जोर लावतो आणि तिथेच फसतो. जोराने छातीतला दाब वाढतो, कूर्चेचा (लवचीक, मऊ हाडाचा) आधार नसलेल्या बारीक नळ्या बाहेरून दाबल्या जातात. हवा आतच अडकते, पुढचा श्वास भरलेल्या छातीवर घ्यावा लागतो.

आईला ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा सावकाश श्वास सोडायला सांगा. तोंडाशी अडथळा आला की नळ्यांत दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत. हा इनहेलरला पर्याय नाही बरं का. बोलताना एक वाक्यही पुरं होत नसेल, तर फुंकर घालत बसू नका, तडक दवाखाना गाठा.