आजी-आजोबा मुलांना घरातल्या जुन्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगतात, तेव्हा आईवडिलांनी मध्येच खरं काय ते सांगावं का?

मध्येच तर मुळीच नाही.

आमच्या आजीची गोष्ट पानशेतच्या पुराची, म्हणजे धरण फुटून पुण्यात आलेल्या पुराची. तिच्या गोष्टीत पूर मध्यरात्री यायचा. शनिवार पेठेतला वाडा गाढ झोपलेला, पाणी ओसरीवर चढतंय आणि पितळी घंगाळ तरंगत चौकात येतंय. घंगाळात कोण, तर माझे धाकटे काका, तेव्हा तान्हे. दर मे महिन्यात आम्ही भावंडं हीच गोष्ट मागायचो आणि मग गच्चीवर खेळायचो. गादी म्हणजे घंगाळ, फरशी म्हणजे मुठा नदी. फरशीला पाय लागला की तो वाहून गेला.

काकांना हे खपायचं नाही. एकदा सगळे पानावर बसलेले असताना ते आजीवर उखडले. ‘‘आई, काहीतरी सांगू नकोस पोरांना. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला. दिवसाढवळ्या पेठा बुडाल्या. मी घंगाळात नव्हतो, तू मला कडेवर घेऊन पर्वतीकडे पळालीस.’’ तारीख बरोबर, वेळ बरोबर. पण घंगाळात नव्हतो हे तान्ह्या बाळाला आठवत होतं म्हणे!

आजीनं ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही.

गेलं ते नुसतं घंगाळ नाही. गोष्टीच्या शेपटाला ती बरंच काही जोडायची. खडकवासला गेल्यामुळे शहराचे नळच कोरडे पडले, मग वाड्यांतल्या पडीक आडांवर लागलेल्या रांगा. शालूत गच्च बसलेला चिखल. मोठ्या आत्याचं बिऱ्हाड पूरग्रस्तांच्या निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या तात्पुरत्या घरात गेलं, तिथली भांडणं. हे ऐकायला आम्ही बसायचो ते घंगाळाच्या लोभानं. नुसती तारीख-वार सांगितली असती तर कोण थांबलं असतं?

पुढे मीच हौसेनं या पुराबद्दल वाचलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचत होते. म्हणजे रात्र होतीच, फक्त धरणावर. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘योगायोग.’’ असेल. मला नाही वाटत.

तेव्हा तुम्ही गप्प बसा. मूल स्वतःहून ‘खरंच?’ विचारेल तेव्हा काय ते सांगा, आणि तेही आजीच्या माघारी. हां, गोष्टीत एखाद्या जातीला किंवा घरातल्या सुनेला नावं ठेवली जात असतील, तर मात्र तिथल्या तिथे तोडा. तिथे आजीचंही ऐकू नका. आणि शाळेच्या प्रकल्पात लिहायचं असेल तर तारीख तपासा, ती काकांची बरोबर होती.

काका हे वाचतीलच, म्हणून विचारून ठेवते: निसेन हटमध्ये आत्याला पहिला स्टो कोणी दिला, हे आजी दर वेळी नावानिशी सांगायची. ते नाव तुम्हाला आठवतंय का?