करवंटीचा दिवा करणार असशील तर...

फोडलेली करवंटी घेऊ नकोस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आख्खा, गोल नारळ आण. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो. तो टोचून पाणी काढ, भोक वायरीपुरतं मोठं कर. मग उलट्या टोकाला बल्ब आत जाईल एवढं तोंड काप, खोबरं खरवडून काढ. (सोलकढी होईलच!) करवंटी सावलीत वाळव, कडक उन्हात तडकते. शेंड्या तासून आधी ८० नंबरचा, मग २२० चा पॉलिश पेपर घास. नक्षी पेन्सिलीने काढून भोकं बाहेरून आत, बारीक ड्रिलने पाड, दोन भोकांत अंतर ठेव. शेवटी खोबरेल चोळ. बल्ब अर्ध्या वॉटचा एलईडीच लाव, जुना पिवळा बल्ब आत फार तापतो. बाहेर टांगायचा तर पाऊस गेल्यावरच, चतुर्थीला घाई नको.