तळपायांची आग आणि चुकवलेल्या गोळ्या

"या गोळ्यांनीच माझ्या नसा जाळल्या," म्हणत त्यांनी चप्पल काढून पाय पुढे केले. वय पंचेचाळीस, चार वर्षं एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आटोक्यात. तीन महिन्यांपासून मात्र दोन्ही तळपायांची आग होत होती, बोटांना मुंग्या येत होत्या. रात्री पांघरूण लागलं तरी सोसवत नसे. म्हणून एआरटीची गोळी ते एक दिवसाआड घेऊ लागले होते. घरी कुणाला याचा पत्ता नव्हता.

त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. स्टॅव्हुडिन, डिडॅनोसिन ही जुनी औषधं नसांमधल्या मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या भागांना, इजा करत. स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं, त्यामागे हेही एक कारण होतं. पण यांच्या गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर होतं. यांपैकी कुणाचाही अशा त्रासासाठी लौकिक नाही. उलट, मोकाट सुटलेला विषाणू स्वतःच नसांना इजा करतो. शिवाय डोस चुकवल्याने औषधच निकामी होण्याचा धोका वाढतो.

मग विचारलं, एआरटीखेरीज काय काय घेता? पिशवीतून आयसोनियाझिड निघालं, टीबी होऊ नये म्हणून चार महिन्यांपूर्वी सुरू केलेलं. सोबतचं बी६ जीवनसत्त्व पहिल्याच महिन्यात संपलं होतं. "ती ताकदीची गोळी ना? म्हटलं, नसली तरी चालेल." गोम इथेच होती. आयसोनियाझिडमुळे शरीरात बी६ची कमतरता होते आणि नसांना तेच लागतं. म्हणून रोज १० ते २५ मिलिग्रॅम सोबत देतात. त्यात झोप यावी म्हणून रोज दारू. तीही नसांना मारकच.

डॉक्टरांनी कंपनकाट्याने आणि नायलॉनच्या तंतूने संवेदना तपासली, साखर, बी१२ आणि व्हायरल लोड करायला सांगितला. बी६ रोज १०० मिलिग्रॅम सुरू केलं, तेही ठरावीक काळापुरतं. मोठा डोस महिनोन्‌महिने घेतला तर बी६नेच नसा बिघडतात. आयसोनियाझिड पुढे चालू ठेवायचं का, हा निर्णयही डॉक्टरांचाच. एआरटी त्या दिवसापासून रोज.

पिशवीत दुकानातून आणलेलं "नसांचं टॉनिक"ही होतं, कॅल्शियम आणि लोह असलेलं. रिकाम्या पोटी ते आणि एआरटीची गोळी एकत्र घेतली तर डोल्युटेग्रॅविर नीट अंगी लागत नाही. एक तर दोन्ही जेवणासोबत घ्यावं, नाहीतर डोल्युटेग्रॅविर टॉनिकच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी.

एक गोष्ट बजावून सांगितली: पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, त्रास एकाच पायात वाढला किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दोन महिन्यांनी आग बरीच निवली. बोटांची बधिरता अजून आहे, तिला जास्त वेळ लागतो. तोवर रोज रात्री आरशात तळवे पाहायचे, पाणी कोपराने तपासायचं आणि अनवाणी फिरायचं नाही.