शिफ्ट कोणाकडे सोपवली, काका?

"बातम्या बघितल्या नाहीत तर चैन पडत नाही आणि बघितल्या की झोप लागत नाही." २०२५ हे पूर्ण वर्ष मी हे वाक्य ऐकत होते. म्हणणारे बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेले, चाळीसेक वर्षांपूर्वी इंजिनिअर किंवा डॉक्टर म्हणून अमेरिकेत आलेले, न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात घरं करून राहिलेले मराठी गृहस्थ. मी समुपदेशक आहे, पण मला फोन ते स्वतः करत नाहीत. बायको करते, नाहीतर मुलगी. "तुम्ही तरी सांगा त्यांना, बातम्या कमी बघा म्हणून."

मी तसं कधीच सांगत नाही. का सांगत नाही, ते एका काकांच्या निमित्ताने लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांनी कोणाला मत दिलं तेही इथे लिहिणार नाही. माझ्याकडे दोन्ही बाजूंची माणसं हीच तक्रार घेऊन येतात.

काका व्हीजेटीआयचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. न्यू जर्सीतल्या एका वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये पंचवीसहून जास्त वर्षं काढून निवृत्त झालेले. पहिल्या भेटीला काकू सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "मी काही बोलायला लागले की हे हात वर करतात. म्हणजे थांब, बातमी चालू आहे." काकांनी ते नाकारलं नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर तारखा होत्या. २० जानेवारी: ट्रम्प यांचा शपथविधी आणि त्याच दिवशी जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणारा आदेश. २७ ऑगस्ट: भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क. १० सप्टेंबर: युटामधल्या विद्यापीठात ट्रम्प समर्थक कार्यकर्ते चार्ली कर्क यांची गोळी घालून हत्या. १९ सप्टेंबर: एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी एक लाख डॉलर. १ ऑक्टोबर: खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकार ठप्प.

"मॅडम, यातली कुठली काळजी खोटी आहे ते सांगा."

"एकही नाही," मी म्हणाले.

ते जरा सैलावून बसले. घरी वर्षभर त्यांना 'तुम्ही उगाच काळजी करता' एवढंच ऐकू येत होतं. माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर झाली आहे. त्यांच्याकडून मी एक गोष्ट पक्की शिकले. माणसाच्या काळजीशी वाद घालायचा नाही. त्या काळजीच्या पोटात त्याने स्वतःला कुठला हुकूम देऊन ठेवला आहे, तो शोधायचा.

मग एकेक प्रसंग बाहेर यायला लागले. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. आरती झाली, प्रसाद वाटला आणि पुण्याहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. "बाप्पा मोरया! आणि काय रे, तुझ्या अमेरिकेने आजचाच मुहूर्त शोधला होय?" काकांनी पाऊण तास अमेरिकेची बाजू मांडली. फोन ठेवला आणि त्याच तावात मुलाला अमेरिका कशी बिघडली ते ऐकवलं. मुलगा इथेच जन्मलेला. तो बायकोला आणि लहान मुलीला घेऊन जेवण न करता निघून गेला.

१९ सप्टेंबरला शुक्रवार होता. एच-वन-बी ची बातमी आली तेव्हा इथे संध्याकाळ होती, पुण्यात शनिवारची पहाट. काकांचा भाचा सुट्टीवर पुण्यात होता. शनिवार-रविवारच्या मध्यरात्रीनंतर बाहेरून येणाऱ्यांना हा नियम लागू, असं टीव्हीवर चाललं होतं आणि बड्या कंपन्या आपल्या लोकांना ताबडतोब परत या म्हणून कळवत होत्या. काकांनी भाच्याला झोपेतून उठवलं आणि मिळेल त्या विमानाचं तिकीट काढायला लावलं. भाचा निघाला आणि शनिवारी सरकारकडून खुलासा आला: ही रक्कम नव्या अर्जांसाठी आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना परत येताना भरायची नाही. आई-वडिलांसोबतचे राहिलेले दिवस मुलाच्या हातून गेले. त्यानंतर तो काकांचे फोन घेईना. काका मला म्हणाले, "मी जागा होतो म्हणून त्याला कळलं तरी. नाहीतर कोणी सांगितलं असतं?"

या वाक्यापाशी मी थांबले. 'मी जागा होतो म्हणून.' पुढच्या भेटीत तिथूनच सुरुवात केली.

"आयपॅड बंद करायला हात जातो, तेव्हा मनात काय येतं?"

"येतं की आपण बंद केला आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर?"

"असं कधी झालं होतं?"

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "१४ ऑगस्ट २००३. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं." आणि पुढचा अर्धा तास ते एकदम वेगळ्या आवाजात बोलत राहिले. त्या दिवशी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातलं ओंटारिओ मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले होते. सुरुवात ओहायोत झाली. तापलेल्या तारा खाली झुकून झाडांना लागल्या, एकामागून एक लाइन बंद पडली. पण काकांच्या मनात तारा आणि झाडं नव्हती. तिथल्या कंट्रोल रूमच्या संगणकातली अलार्मची यंत्रणा दोन तास आधीच बंद पडली होती. "माणसं जागेवर होती. पडदे चालू होते. अलार्म वाजत नव्हते आणि वाजत नाहीयेत हेच कोणाला कळलं नाही. तेव्हापासून मी एक ठरवलं. अलार्मवर विसंबायचं नाही. आपण स्वतः बघत राहायचं."

हा तो हुकूम. बावीस वर्षं जुना, अनुभवातून आलेला आणि त्या खोलीत अगदी योग्य असलेला.

मी विचारलं, "त्या रात्री तुमच्याकडे काय झालं?"

"उत्तर न्यू जर्सीचा काही भाग गेला. बाकी आम्ही धरून ठेवलं. शिफ्ट संपली तरी मी थांबलो होतो. मग पुढच्याला सगळं समजावून दिलं, लॉग लिहिला आणि घरी गेलो."

"घरी जाऊन काय केलंत?"

"काय करणार? झोपलो."

"न्यूयॉर्क अजून अंधारात होतं. तरी झोप लागली?"

"अगं, माझ्या जागी दुसरा बसला होता ना!"

"आणि आता, काका? आता शिफ्ट कोणाकडे सोपवून झोपता?"

त्यांनी चष्मा काढला. मी काहीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हेच मोठं काम असतं आणि ते मला जमतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कोणाकडेच नाही. आता मी एकटाच बसलोय असं वाटतं."

"तेव्हा तुमच्यासमोर पडद्याशिवाय आणखी काय होतं?"

"फोन होता. ब्रेकर उघडता-मिटता यायचे. जनरेशन वाढवा म्हणून सांगता यायचं."

"आणि आता?"

"फक्त पडदा."

हे त्यांचं त्यांनी म्हटलं, मी त्यांच्या तोंडी घातलं नाही. म्हणूनच ते टिकलं. नोकरीने जाताना ब्रेकर आणि फोन परत घेतले, पहारा तेवढा काकांकडे राहिला. ज्यावर काही करता येत नाही ते चोवीस तास बघत बसणं कुठल्याही ऑपरेटरला झेपणार नाही. मग तो चिडतो, नाहीतर हाताशी येईल त्याच्यावर ब्रेकर चालवतो. त्या शुक्रवारी भाचा हाताशी आला.

याच्या तळाशी आणखी एक गोष्ट असते. इथे जन्मलेल्या मुलासाठी राजकारण हे त्याचं मत असतं. काकांनी हा देश निवडलेला आहे. आई-वडिलांना मागे ठेवून, त्यांच्या शेवटच्या दिवसांत तिथे नसण्याची किंमत मोजून निवडलेला. त्यामुळे वॉशिंग्टनमधली प्रत्येक वाईट बातमी त्यांना स्वतःच्या निर्णयावरच्या निकालासारखी लागते. भावाच्या 'तुझ्या अमेरिकेने'वर पाऊण तास बोलावं लागतं ते याचमुळे. काकांना मी एवढंच म्हणाले, की तुम्ही तेव्हाच्या माहितीवर निर्णय घेतलात आणि चाळीस वर्षं तो निभावलात. २०२५ साल तो मागे जाऊन चुकीचा ठरवू शकत नाही. काकू त्या दिवशी सोबत होत्या. त्या रडल्या. मला वाटतं, हा प्रश्न त्यांच्याही मनात होता.

यानंतर आम्ही लॉग सुरू केला. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास बातम्या वाचायच्या, बघायच्या नाहीत. मग वहीत लिहायचं: काय घडलं, त्यावर सध्या ड्यूटीवर कोण आहे, माझ्या हातात काय आहे. दुसरा रकाना फार महत्त्वाचा. जन्मसिद्ध नागरिकत्वासमोर काकांनी लिहिलं: न्यू जर्सीच्या अ‍ॅटर्नी जनरलनी दुसऱ्याच दिवशी इतर राज्यांसोबत दावा लावला, २३ जानेवारीला सिएटलच्या न्यायाधीशांनी आदेश तात्पुरता थांबवला, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विषय सुनावणीला घेतला. निकाल काय लागेल ते त्या रकान्यात नाही. पण खुर्चीत माणूस बसलेला आहे, हे त्यांना स्वतःच्या अक्षरात वाचता आलं. सरकार ठप्प झाल्याच्या ४३ दिवसांत ओळखीतले कितीतरी जण सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचे पैसे थांबणार म्हणून धास्तावले होते. ते पैसे येत राहिले. काकांच्या लॉगमध्ये ते तारखेसह आहे.

तिसरा रकाना मात्र कोराच राहायचा. एके दिवशी मी सहज म्हणाले, "काका, आमचं विजेचं बिल जूनपासून एवढं का वाढलं हो?"

ते पुढे सरकून बसले. न्यू जर्सीसह तेरा राज्यांना वीज पुरवणाऱ्या ग्रिडमध्ये पुढच्या काळासाठी क्षमता आधी लिलावात विकत घेतली जाते. त्या लिलावात दर मेगावॉटला दिवसाचा भाव २८.९२ डॉलर होता, तो पुढच्या वर्षासाठी २६९.९२ वर गेला. डेटा सेंटरची मागणी वाढतेय, जुनी केंद्रं बंद होतायत, नवी जोडायला वर्षं लागतायत. लोकांच्या बिलात त्यामुळे जवळपास वीस टक्के भर पडली. मी ऐकत होते आणि मला आनंद होत होता. ज्या राज्यात हा माणूस राहतो, तिथे नोव्हेंबरमधली गव्हर्नरची निवडणूक बऱ्याच अंशी विजेच्या बिलावर लढली जात होती आणि ते बिल उलगडून सांगू शकणारा माणूस वॉशिंग्टनकडे बघत घरी बसला होता.

काकांनी आधी आपल्या ज्येष्ठांच्या मंडळात हा विषय मांडला. कोणाला मत द्या हे न सांगता, फक्त बिलाची एकेक ओळ. तिथून गावच्या ग्रंथालयात बोलावणं आलं. चार नोव्हेंबरला त्यांनी मत दिलं आणि निकाल लॉगमध्ये लिहून झोपले. भाच्याला पत्र लिहून माफी मागितली. मुलाशी राजकारणावर पटत नाही, पटेल असंही दिसत नाही. पण मुलाने आपलं विजेचं बिल मात्र पाठवलं.

आता मला फोन करणाऱ्या मुला-मुलींसाठी. बाबांना 'टीव्ही बंद करा' म्हणू नका, त्यांना ते 'ड्यूटी सोडा' असं ऐकू येतं. ते नोकरीत काय सांभाळत होते ते विचारा, खरोखर ऐका. त्या कामातलं काय आज तुमच्या गावात कोणाला लागेल, ते सोबत शोधा. व्हिसाची किंवा नागरिकत्वाची शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला आणि पहिल्या चोवीस तासांत तिकीट, घर, पैसा यांबद्दल काही ठरवू नका. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सांगून ठेवा, की सणाच्या दिवशी हा विषय काढायचा नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण तुटलंय, छातीत धडधडतंय, असं असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या. समुपदेशन त्यानंतर. आणि 'आता जगून काय करायचं' असं एकदा जरी तोंडून आलं, तरी ते राजकारणावरचं वैतागणं समजून सोडून देऊ नका. त्याच वेळी ९८८ या अमेरिकेतल्या संकटकालीन हेल्पलाइनला फोन लावा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. इंग्रजीत मन मोकळं करणं जड जात असेल तर दुभाषी मागा.