उंची ठरते रस्त्याच्या रुंदीवर

प्रश्न : आमची कॉलनी होटगी रोडच्या आतल्या बाजूला आहे. सगळी घरं बैठी, फार तर वर एक मजला. कोपऱ्यावरचे दोन बंगले एका बिल्डरने घेतलेत. आता पेपरात जाहीर सूचना आलीय की आतला रस्ता आराखड्यात १२ मीटर दाखवायचा. ‘झोन बदलला, अकरा मजले होणार’ असं जो तो म्हणतोय. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, पावसाळ्यात चेंबर तुंबतात, उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो. शेजारचे काका मात्र म्हणतात, ‘भाव चांगला येतोय, कशाला आडवे येता?’ सह्यांचं निवेदन तयार आहे. ते कुणाला द्यायचं?
– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : बाई, निवेदन आमदारांना खुशाल द्या, फोटो चांगला येतो. पण मोजली जाते ती लेखी हरकत, आणि तीही सूचनेत ज्या अधिकाऱ्याचा हुद्दा दिलाय त्याच्याकडे मुदतीत पोचलेली. सूचना नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालची असेल, तर मुदत एक महिन्याची. ज्यांच्या कंपाउंडला कात्री लागणार, त्यांना वेगळी नोटीस आणि सुनावणी द्यावी लागते. शेवटची मंजुरी राज्य शासनाची.

आता मुद्द्याचं. नगररचना खात्यात नकाशे तपासण्यात माझी उमर गेली, म्हणून सांगतो : तुमचा झोन आजही रहिवासीच आहे, उद्याही रहिवासीच राहील. बदलतोय तो रस्ता. २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत, दाट वस्तीच्या जुन्या गावभागाबाहेर, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, १.१० च मिळतो. पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय, म्हणजे प्रीमियम, नाही; रस्त्यासारख्या कामाला गेलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क, म्हणजे टीडीआर, तोही नाही. तोच रस्ता १२ मीटरचा झाला की दोन्ही धरून २.२५ पर्यंत जाता येतं. दोन बंगल्यांची मिळून ६,००० चौरस फूट जागा धरा. आज तिथे ६,६०० फूट बसतं, उद्या १३,५००. निवासी इमारतीला बाल्कनी, जिने वगैरेंसाठीचा पूरक एफएसआय ६० टक्क्यांपर्यंत, तो वेगळाच. म्हणून तुमची हरकत ‘उंच इमारत नको’ अशी नसावी, ‘हा रस्ता १२ मीटर का?’ अशी असावी. तो पुढे कुठल्या रस्त्याला मिळतो? की दोन प्लॉटपाशीच संपतो? टेप घेऊन आजची रुंदी चार ठिकाणी मोजा आणि आकडे हरकतीत लिहा.

अकरा मजल्यांचं म्हणाल, तर बाजूंना आणि मागे सोडायचं अंतर उंचीबरोबर वाढतं. दोनच प्लॉटवर अकरा मजले बसवणं कठीण. बिल्डर तिसरा-चौथा बंगला मागायला आला, की मग हिशेब बदलला असं समजा. शिवाय तुम्ही विमानतळाच्या अंगाला राहता. तिथे किती उंच बांधता येईल हे विमानतळ प्राधिकरणही ठरवतं. २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पडताना ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गच्चीवरच्या झोपेला नियमावलीत जागा नाही, वाईट वाटतं पण नाही. खिडकीतल्या उजेडाचं वेगळं आहे. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमात सलग २० वर्षं बिनतक्रार मिळालेल्या उजेड-वाऱ्याला हक्क मानलंय. पण तो दावा दिवाणी न्यायालयात, या हरकतीत नको. पाणी आणि ड्रेनेज मात्र जरूर घाला. कॉलनीतल्या लाईनचा व्यास किती, त्यावर किती कुटुंबं धरली होती, हे माहितीच्या अधिकारात मागा. आजच तुंबणाऱ्या चेंबरचे तारखेसह फोटो जोडा.

मी टॉवरच्या विरोधात नाही. मुख्य होटगी रोडवर होऊ देत की. शहर शेतांकडे पसरलं तरी उजनीचं पाणी तिथवर न्यावंच लागतं. पण बैठ्या घरांच्या मापाच्या लाईनवर आतल्या बोळात उंची चढवणं मला पटत नाही.

काकांना विकायचा पूर्ण हक्क आहे. फक्त त्यांना नकाशा दाखवा. रस्ता दोन्ही बाजूंनी वाढणार असेल तर त्यांचंही अंगण जाणार, आणि मोबदला बहुधा टीडीआरच्या कागदात मिळणार. भाव ठरवताना तेही धरावं.

सगळ्यांच्या सह्यांच्या एका कागदापेक्षा घरटी वेगळी हरकत द्या, प्रत्येकीवर प्लॉट क्रमांक घाला. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सुनावणीला वकील नसला तरी चालतो. मोजमापाचा कागद तेवढा हातात असू द्या.