आदम कुठे लिहू? विज्ञानाच्या तासातला दशावतार

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगा दहावीत, मुंबईतली अनुदानित शाळा. उत्क्रांतीच्या धड्याला बाईंनी फळ्यावर मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन अशी रांग काढली आणि "हे आपल्याकडे डार्विनच्या आधीच होतं" म्हणाल्या. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, मग आदम कुठे लिहू?" संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. काही म्हणतात सगळ्या धर्मांचं सांगा, काही म्हणतात भानगडच नको, धडा गाळा.

मी ३१ वर्षं परळ-लालबागकडे मराठी माध्यमाला विज्ञान शिकवलं. माझं मत: धडा अख्खा शिकवा आणि विज्ञानाच्या तासाला कुणाचीच सृष्टिकथा आणू नका.

दशावताराची रांग सुरुवातीला मीही काढायचे. पोरांना आवडते, चटकन लक्षात राहते, आणि तिथेच घोळ होतो. रांग बघून मुलाला वाटतं, उत्क्रांती म्हणजे जिना. मासा एक पायरी चढला की कासव, कासव चढलं की डुक्कर. खरं तर ते फांद्या फुटत गेलेलं झाड आहे. कासव काही डुकराचं पूर्वज नव्हे, आणि आजचा मासा आपल्याइतकाच काळ बदलत आलेला आहे. जिना डोक्यात बसला की "मग अजून माकडं कशी शिल्लक?" हा प्रश्न ठरलेला. अहो, माकड आपला आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ आहे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात भेटतो.

शिवाय दशावताराला हे सांगायचंच नव्हतं. तिथे विष्णू संकट बघून रूप घेतो. नैसर्गिक निवडीत, म्हणजे परिस्थितीला जुळणारे तगतात आणि त्यांचेच गुण पुढे जातात त्या प्रक्रियेत, संकट ओळखणारा कुणी नाही आणि रूप ठरवणाराही नाही. एकाचा अंगरखा दुसऱ्याला चढवला की दोघंही बेंगरूळ दिसतात.

"दोन्ही सारखंच शिकवा" हे अमेरिकेत करून झालंय. लुइझियाना राज्याने कायदाच केला होता की उत्क्रांती शिकवली तर धार्मिक निर्मितीवादही (देवाने सृष्टी घडवली हे मत) 'विज्ञान' म्हणून शिकवायचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९८७ साली रद्द केला. मग तीच गोष्ट 'इंटेलिजंट डिझाइन' असं नवं नाव घेऊन आली, आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात तीही पडली. आपल्याकडे तर 'दोन्ही' म्हणजे दोनच नसतात. एका वर्गात हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिश्चन, वर जैन, ज्यांच्या मते विश्व कुणी निर्माणच केलेलं नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात कुणाकुणाला बसवणार?

धडा गाळण्याचं म्हणाल, तर एनसीईआरटीने (केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था) २०२३ मध्ये ते केलं. मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, बारावीच्या जीवशास्त्रात ठेवली. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्यांचा मुद्दा साधा होता: अकरावीला कॉमर्स घेणाऱ्याला हा विषय पुन्हा भेटतच नाही. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात, निदान मी शिकवायचे त्यात, विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' होता. माकडहाड आणि अक्कलदाढ ही अवशेषांगं, म्हणजे पूर्वजांकडून आलेले पण आता फारसे कामाचे न उरलेले अवयव, पोरं स्वतःलाच चाचपून शिकायची.

कायद्याचंही कुणीतरी विचारलंय. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्याला बसवता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणं मात्र वेगळं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केलंय. तेव्हा सृष्टिकथा मराठीच्या किंवा इतिहासाच्या तासाला खुशाल सांगा. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त वाचून दाखवा. ही सृष्टी कुठून आली ते वरच्या अध्यक्षालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून ते थांबतं. इतक्या मोकळ्या मनाच्या काव्याला डार्विनचा साक्षीदार म्हणून कशाला उभं करायचं?

उलट्या टोकाची चूकही माझ्या हातून झालीय. एक मुलगी म्हणाली, "माणूस देवाने घडवला असं आजी सांगते." मी पटकन बोलून गेले, "आजीला धडा वाचायला दे." वर्ग खो खो हसला. त्या मुलीने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. पेपरात उत्क्रांतीच्या प्रश्नाला पूर्ण गुण, अक्षर न् अक्षर पाठ. तिला त्यातलं काय पटलं होतं, मला कधीच कळलं नाही.

पुढच्या वर्षीपासून मी वर्ग अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलला न्यायला लागले. काळ्या बेसॉल्टचे उभे खांब, साधारण दोनशे फूट उंच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. डायनोसॉर संपले तोच सुमार. खडकातल्या पोटॅशियमचा आर्गॉन किती झाला यावरून वय कसं काढतात ते खाली उभं राहून सांगायचं, मग पायऱ्या चढायच्या. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. ज्यांना पाया पडायचं ते पडायचे, बाकीचे वारा खात डबे उघडायचे. भांडण एकदाही झालं नाही.

परतताना वरळीच्या बेडकाची गोष्ट. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात तिथे इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले, म्हणजे दोन उद्रेकांमध्ये वरळीला गोड्या पाण्याची डबकी होती. त्यांचं वर्णन १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने केलं, जो पुढे डार्विनचा कट्टर विरोधक झाला. पोरं विचारायची, मग त्याचे बेडूक बाद का? बाद कशाला, बेडूक बेडूकच राहतात.

तुमच्या मुलाच्या बाईंना ग्रुपवर धारेवर धरू नका. कित्येक शाळांत हा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून देतात, त्यांनी शिकवला तरी. जाऊन भेटा, आणि पुढच्या तासाला रांगेऐवजी झाड काढाल का, एवढं विचारा. आणि मागच्या बाकावरच्या त्या पोराला कुणीतरी सरळ उत्तर द्या: या पेपरात आदम कुठेच लिहायचा नाही, आणि दशावतारही नाही.